हयातीचा दाखला

मी दुकानांना दिसायला शिकवते. हाच माझा धंदा.
लिएपायात, जिथं वारा ट्रामच्या आधी वळण घेतो,
एक न्हावी, दोन बेकऱ्या, एक सायकलवाला
आणि आउस्माबाईंचं बटणांचं दुकान:
एवढी माझी गिऱ्हाइकं.

पहाटे उठून बातम्या उघडते.
सरकार पडलं का, ते नंतर.
आधी बघते, रात्रीत कुठला नियम बदलला.
कालपर्यंत फोटो चालायचे.
आजपासून म्हणे व्हिडिओच, सात सेकंदांचे,
आणि पहिल्या दोनात काहीतरी हललं पाहिजे.

बटणं हलत नाहीत.
बटणाचा सगळा गुणच तो.

तरी मी आउस्माबाईंचे नऊ युरो लावले जाहिरातीला.
चार हजार एकशे बारा जणांनी पाहिलं.
ब्राझीलमधून कुणी एक बदाम पाठवला.
बाईंनी त्या दिवशी शेगडी लवकर पेटवली होती,
शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या.
संध्याकाळी त्या परत करताना म्हणाल्या,
"चार हजार? मग गेले कुठे सगळे?"
मी आलेख दाखवला.
त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला,
आणि शिंपल्याच्या बटणांचा डबा आवरायला घेतला.

फेब्रुवारीत नकाशानं त्यांना मारलं.
दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरं: कायमचे बंद.
कुणाचं बोट चुकून लागलं असेल,
किंवा कुठल्याशा पत्राला बाईंनी उत्तर दिलं नसेल
म्हणून यंत्रानं आपलं धरलं गृहीत.
बाई फोनकडे बघत राहिल्या.
"पण मी तर आत उभी आहे," म्हणाल्या.
हळू आवाजात, जणू तेवढ्यानं भागेल.

भागलं नाही. पुरावा हवा होता.
पाटी दिसली पाहिजे, रस्त्याचं नाव दिसलं पाहिजे,
मालकाच्या हातानं कुलूप उघडताना दिसलं पाहिजे,
सलग, मध्ये न तोडता.
दरवर्षी पेन्शनसाठी म्हातारी माणसं
आपण जिवंत असल्याचं लिहून देतात, तसंच हे.
बाईंनी लिपस्टिक लावली.
पहिल्यांदा वाऱ्यानं पाटी फिरवली: नामंजूर.
दुसऱ्यांदा हात अस्पष्ट. नामंजूर.
तिसऱ्यांदा कारणच दिलं नाही.

चौथ्या वेळी मी रस्त्यापलीकडून चित्रण करत होते.
पाटी झाली. रस्ता झाला. किल्ली कुलपात.
आणि चौकटीत डावीकडून एक म्हातारा आला,
टोपी काढलेली, हातात लाल कार्नेशन.
मी मनात शिवी हासडली.
तालिवाल्डिस होते ते. ग्रोबिन्याहून बसनं आलेले.
चाळीस वर्षं बोटीवरच्या कोटाची बटणं इथूनच न्यायचे.
नातवानं त्यांना नकाशा वाचून दाखवला होता.

आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम देतात.
सम संख्या फक्त कबरीवर.

बाईंनी मागे वळून पाहिलं. मग फुलं मोजली.
मला पलीकडून त्यांचे ओठ हलताना दिसले:
सहा.
कुणीच काही बोललं नाही. वारा तेवढा बोलत होता.
बाईंनी जुडीतून एक फूल ओढून काढलं,
देठ नखानं खुडला,
आणि त्यांच्या कोटाच्या वरून दुसऱ्या, रिकाम्या काजात
खोचून दिलं.
उरली पाच.
"आत या," म्हणाल्या, "या बटणाचा जोड आहे माझ्याकडे,
किंवा जवळपासचा."

चित्रण चालूच राहिलं होतं. मी तेच पाठवलं.
रविवारी दुकान उघडं झालं, नकाशात.
बाईंनी वही काढली, पेन्सिलला थुंकी लावली.
"त्या चार हजारांचे नऊ," म्हणाल्या,
"आणि या एकाचे किती?"

मी हिशेब करतेय अजून.
बसभाडं त्यांनीच दिलं होतं.